इथे अंगणच वाकडं आहे

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण कंबरदुखीवाल्यांच्या तोंडावर फेकणाऱ्या सगळ्यांना आज एकदाच उत्तर देतो. गाडीतून उतरताना कंबर धरणारा, कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरली की दाराला धरून उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुम्हीच असाल. त्याला आपला समाज काय सांगतो? वजन उतरवा. सूर्यनमस्कार घाला. वय झालं आता. आमचे आजोबा बैलगाडीतून पंढरपूरला जायचे, त्यांना नाही कधी सायटिका झाला! सल्ला द्यायला सगळी आळी हजर. त्या आळीतला एक जण तरी वाकून गाडीच्या सीटकडे बघतो का? मी बघितलं. अंगण वाकडंच आहे. कारखान्यातून वाकडं निघतं, शोरूममध्ये चकचकीत होतं आणि आपण त्याचे हप्ते वर्षानुवर्षं भरत बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, खाली पार्किंगमध्ये जा. घरातली लांब पट्टी घ्या, ड्रायव्हरच्या सीटवर पुढच्या कडेपासून मागच्या फटीपर्यंत ठेवा आणि हाताने जरा दाबा. मागचं टोक खाली बुडतं. गाडी चार-पाच वर्षं चाललेली असेल तर मागचा फोम बसलेला असतो, मग आणखीच बुडतं. आता त्या खळग्यात बसा. गुडघे वर, खुबे खाली. खुबे गुडघ्यांच्या खाली गेले की ओटीपोटाचं हाड मागे गडगडतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. कमरेमागे हात घाला. हात सहज आत जातो ना? तिथे आधार असायला हवा होता, तिथे पोकळी आहे. मांडी आणि धड यांच्यातला कोन जसा लहान होतो तसा कमरेचा बाक मोडत जातो, हे नेब्रास्कातले डॉ. कीगन यांनी क्ष-किरणांच्या फोटोंवरून 1953 मध्ये दाखवून दिलं. सत्तर वर्षं झाली त्याला! एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन परत आला, पण ड्रायव्हरच्या सीटच्या मागच्या बाजूला दोन बोटं उंची वाढवावी, एवढं आसनशास्त्रातलं ज्ञान काही आपल्या पार्किंगपर्यंत पोचलं नाही.

बाक मोडला की मणक्यांमधली गादी पुढून चेपते आणि मागे फुगते. मागे शिरांची मुळं असतात. गादी फाटून मुळावर दाब आला की पायात कळ जाते, हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शल्यविशारदांनी 1934 मध्येच मांडलं होतं. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघालेली मुळं एकत्र येऊन शरीरातली सगळ्यात जाड शीर बनते, अंगठ्याएवढी. ती कुल्ल्याच्या स्नायूंखालून मांडीच्या मागे उतरते. म्हणजे वर मुळाशी गादीचा दाब आणि खाली कुल्ल्यात सीटचा दाब, असा हा दुहेरी छळ आहे. त्यात आपली पुरुषमंडळी मागच्या खिशात पाकीट घालून त्यावर बसतात! पाकिटात आधार, पॅन, लायसन, चार बँकांची कार्डं, देवाचा फोटो आणि तीन वर्षांपूर्वीचं मेडिकलचं बिल. क्रेडिट कार्डांच्या पाकिटाने होणाऱ्या सायटिकाची नोंद अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये 1978 साली छापून आली. पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवायला कुठली सोनोग्राफी लागते?

आणि हा माणूस नुसता बसलेला नाही, हलतोय. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सगळ्यात जास्त डोलतो. त्या गतीला शरीर हादरा शोषत नाही, वाढवतं. गाडीच्या सीटचा नेहमीचा फोमही साधारण त्याच पट्ट्यात हादरा वाढवून देतो. रस्त्याने दिलेला धक्का सीट मोठा करते आणि कमरेच्या हवाली करते. त्यात डावा पाय क्लचवर. घोडबंदर रोडला किंवा सिंहगड रोडला संध्याकाळी सातला अडकून बघा. अर्धा क्लच, पहिला गिअर, तीन फूट पुढे, ब्रेक. पाय लांब करून क्लच दाबला की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाच्या हाडाला आणखी मागे ओढतात, आणि तीच शीर वरून खालपर्यंत खेचली जाते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर अधांतरी. ही कसरत रोज दीड-दोन तास करणाऱ्याची कंबर गेली तर त्याने योगासनं केली नाहीत म्हणून गेली, असं म्हणणाऱ्या माणसाला मी त्याच सीटवर, त्याच सिग्नलला बसवू इच्छितो.

आता शोरूमकडे वळू, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मध्यंतरी एका शोरूममध्ये गेलो होतो. टाय लावलेला तरुण पोरगा आला आणि आल्या आल्या त्याने छत उघडलं. "सर, पॅनोरॅमिक सनरूफ! आवाजाने उघडतं. बोला सर, तुम्ही बोलून बघा." मी बोललो. मी विचारलं, "सीटला कमरेचा आधार पुढे-मागे होतो का?" त्याने टॅब काढला, तो पुष्कळ वर-खाली सरकवला, मग मॅनेजरला हाक मारली. मॅनेजर आला. "सर, तो ऑप्शन या मॉडेलला नाही. पण लेदरेट सीट कव्हर टाकून देतो ना, कॉम्प्लिमेंटरी." मी विचारलं, "सीटची उंची?" "ती वरच्या व्हेरियंटला, सर." म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याची उंची कारखान्याने ठरवून टाकली आहे! सहा फुटी माणूस आणि पाच फुटी बाई एकाच उंचीच्या खड्ड्यात बसणार, आणि वर आकाश बघणार. एप्रिलच्या दुपारी नागपुरात किंवा जळगावात छत उघडून बसायचं तरी कुणी? पण जाहिरातीत पोरं छतातून डोकं बाहेर काढून किंचाळतात, म्हणून आपण ते भोक विकत घेतो. चालत्या गाडीत तसं डोकं काढणं जिवावरचं आहे, ते वेगळंच. त्याहून पुढची मजल म्हणजे थंड हवा सोडणारी सीट. बुडाला गार वारा लागतो, कमरेला आधार लागत नाही. कमरेच्या जागी फोमचा एक फुगवटा आणि एक खटका बसवायला, छताला भोक पाडून काच, मोटर आणि पाण्याच्या नळ्या बसवण्यापेक्षा जास्त खर्च येतो, असं मला एखाद्या इंजिनिअरने समोर बसून पटवून द्यावं. देणार नाही, कारण प्रश्न खर्चाचा नाहीच. छत शेजाऱ्याला दिसतं, कमरेचा आधार दिसत नाही.

गाडी अंगणात आली, कंबर गेली, की दुसरा बाजार उघडतो. पट्टे, थरथरणारे मसाजर, चुंबकाच्या मण्यांची कव्हरं, मधे भोक असलेल्या जेलच्या गाद्या, हाड बसवणारे, आणि बाटलीतलं गुप्त तेल. मण्यांच्या कव्हरने घाम कमी होतो, हे कबूल. पण उंची वाढत नाही आणि आधार मिळत नाही. जेलच्या मऊ गादीत माणूस बुडतो, म्हणजे मूळचा खळगा आणखी खोल होतो. रोगाला औषध म्हणून रोगच विकायचा धंदा आहे हा!

दवाखान्यातही बऱ्याचदा यापेक्षा वेगळं काही घडत नाही, आणि हे मी रागाने नाही, पुराव्याने म्हणतो. पहिल्या भेटीतच एमआरआय. मग तो काळा फोटो उजेडावर धरून, "साठीच्या माणसाचा मणका झालाय तुमचा," असं चाळिशीच्या माणसाला सांगायचं. ज्यांची कंबर कधीही दुखत नव्हती अशा 98 जणांचे एमआरआय काढून न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात 1994 साली निष्कर्ष छापले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची गादी कुठे ना कुठे फुगलेली होती. फोटोत दिसतं ते सगळं दुखतंच असं नाही. पण रुग्ण घाबरला की पट्टा घेतो, ट्रॅक्शनला पाय बांधून घेतो, शेकाच्या यंत्राखाली पालथा पडतो. ब्रिटनची नाइस नावाची सरकारी संस्था उपचारांचे दंडक ठरवते. तिचा कंबरदुखी आणि सायटिकासाठी स्पष्ट दंडक आहे की पट्टे देऊ नका, ट्रॅक्शन देऊ नका, अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका. सायटिकावर आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबलिनची गोळी 2017 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. चक्कर मात्र जास्त आणून गेली. चक्कर आणणारी गोळी, तीही गाडी चालवणाऱ्याला! (चालू असेल तर हे वाचून एकदम बंद करू नका. ती हळूहळू कमी करावी लागते, डॉक्टरला विचारूनच.) आणि "पंधरा दिवस पडून राहा" हा पिढीजात सल्ला? नेदरलँड्समध्ये 1999 साली तोही तपासला. पडून राहिलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले सारखेच बरे झाले. गादीमुळे झालेला सायटिका बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत आपसूक उतरतो. त्या काळात कुठलाही पट्टा बांधला की श्रेय पट्ट्याला!

डॉक्टरांमध्ये शहाणी माणसंही भरपूर आहेत. ती कशी ओळखायची? "गाडीत किती वेळ बसता? कशी सीट आहे?" एवढं जो विचारतो, तो तुमचा डॉक्टर. मला हा प्रश्न एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारला आणि मग माझ्याबरोबर जिना उतरून गाडीपाशी आल्या. त्यांनी केलेलं तुम्हाला सांगतो, कारण माझा पाय त्याने सुटला.

आधी खळगा भरला. घरची जुनी चादर, घट्ट घडी, सीटच्या मागच्या फटीत जाड बाजू आणि पुढे निमुळती, असं रचून खुबे गुडघ्यांच्या बरोबरीला, किंबहुना किंचित वर आणले. चादर पटली तर मग कुशनवाल्याकडून कडक फोमचा पाचरीसारखा तुकडा कापून घ्यायचा. मऊ घेऊ नका. गाडीच्या कंपनीकडून घेतलेल्या पायपुसण्यांच्या पैशात तो होतो. मग पाठ थोडी मागे कलवली, नव्वद अंशांच्या काटकोनातून शंभर-एकशे दहापर्यंत. पाठ मागे कलवून कमरेला आधार दिला की गादीवरचा दाब उतरतो, हे स्वीडनमध्ये अँडरसन आणि नॅकेमसन यांनी 1970 च्या दशकात माणसाच्या मणक्यात सुई घालून मोजलेलं आहे. आधार म्हणजे हातरुमालाहून मोठा पंचा, गुंडाळून मनगटाएवढा जाड केलेला. तो पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, कमरेच्या पोकळीत. बरेच जण तो बरगड्यांच्या मागे ठेवतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. खाली घ्या, खाली! मग सीट पुढे, इतकी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. त्याचबरोबर छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवा, एअरबॅगला जागा लागते. आणि सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिच्यावरून शिवलेलं कव्हर चढवू नका. तो लेदरेटवाला मॅनेजर हे सांगणार नाही. सांगितलं तर माझ्याकडून त्याला चहा.

बसून झालं, आता उठणं. कितीही उत्तम सीट असली तरी तासाभराने उतरा. एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला वडापावसाठी थांबता, त्या रांगेत नुसते उभे न राहता शंभर-दोनशे पावलं चाला. दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-सहा वेळा मागे वाका. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी मागे वाकण्याचा हा प्रकार आपल्या उपचारपद्धतीत आणला. कळ पायातून वर सरकून कमरेकडे यायला लागली तर ठीक चाललंय. कळ आणखी खाली पावलाकडे गेली तर तो व्यायाम तुमचा नाही, थांबा. उतरताना एक पाय बाहेर, एक आत असं पिळवटून उतरू नका. दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवा आणि उभे राहा. आणि घर आलं की उड्या मारत डिकीतून तांदळाचं पोतं उचलू नका! तीन तास फुगलेली गादी त्या क्षणी सगळ्यात हळवी असते. पाच मिनिटं चाला, मग उचला. एक गोष्ट मात्र पंच्याने सुटणारी नाही. लघवीच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा आपोआप सुटली, पाऊल वर उचलेना, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. सकाळची वाट बघू नका.

हे सगळं आपल्या स्वतःच्या गाडीचं झालं. आपण निदान पंचा ठेवू शकतो. ज्यांची सीट त्यांच्या मालकीची नाही त्यांचं काय?

तालुक्याच्या रस्त्यावरची शेअर रिक्षा बघा. मागे चौघं, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. चालकाचा अर्धा कुल्ला सीटवर, अर्धा हवेत, धड पिळून हँडलकडे. अशा बैठकीत तो दिवसभर गाडी मारतो. ट्रकच्या केबिनमध्ये डोकवा. सीटवर गोधडीची घडी, घडीवर पोतं, पोत्याखाली कधीकधी हवा भरलेली जुनी ट्यूब. त्या चालकाने कीगन वाचलेला नाही, पण कंबर त्याला जे शिकवते ते तो करतोय, स्वतःच्या पैशाने. सरकारने 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची केली, हे चांगलंच केलं, मी त्याचं स्वागत करतो. मग हादरे शोषणारी, चालकाच्या वजनानुसार जुळवता येणारी हवेची सीट त्याच आदेशात का नाही? ती काय चैन आहे? युरोपीय संघाने 2002 सालीच हादऱ्याला आकडा लावला. आठ तासांच्या दिवसाला दर सेकंद वर्गाला 0.5 मीटरच्या वर हादरा गेला की मालकाने हालचाल करायची आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायचा नाही. जर्मनीने तर वर्षानुवर्षं हादऱ्यांत बसून गेलेली कंबर 1993 पासून व्यावसायिक आजारांच्या यादीत घातली, क्रमांक 2110. तिथे चालकाची कंबर हा कामाचा आजार असतो. इथे तो त्याचा खासगी मामला असतो. आपल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पाच तास! तासाभरात शीर बोंबलायला लागते, पुढच्या चार तासांचं काय?

आणि रस्ता? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर उंच, सलग गोलाई असलेला हवा. तुमच्या सोसायटीच्या गेटसमोर काय आहे? हातभर रुंदीचा काळा-पिवळा प्लॅस्टिकचा उंचवटा, अध्यक्षांनी स्वखर्चाने ठोकलेला, वर त्यांच्या नावाची पाटी. गावात शिरताना सरपंचांनी रातोरात ओतलेला सिमेंटचा बांध. असल्या बांधावरून दिवसाला पन्नास वेळा जाणाऱ्या रिक्षावाल्याच्या कण्याचा हिशेब कोण देणार, अध्यक्ष की सरपंच?

म्हणून वाचकहो, दोन कामं करा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो उंचवटा उखडून नियमाप्रमाणे बांधायचा ठराव मांडा. अध्यक्ष चिडले तर चिडू देत. आणि नवी गाडी बघायला जाल तेव्हा छत उघडायला सांगू नका. ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि अर्धा तास उठू नका. कमरेमागे हात घाला, खुबे कुठे आहेत ते बघा, क्लच दाबून गुडघा बघा. आधार नसेल तर त्या पोरासमोर, मॅनेजरसमोर, मोठ्याने सांगा की सीट वाईट आहे म्हणून गाडी घेत नाही. हे वाक्य महिन्यात शंभर गिऱ्हाइकांनी म्हटलं की कारखान्यापर्यंत पोचतं. छताचा हट्ट असाच पोचला होता.